रातपाळी आणि झोप

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी एक जुनी म्हण मराठीत आहे. भूक खरी असली की कोंडाही गोड लागतो आणि झोप खरी असली की उशाला दगड असला तरी चालतो, हा तिचा भावार्थ. दिवसभर शेतात राबून रात्री अंग टाकणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या खरी ठरत आली. परंतु आजच्या समाजात एक मोठा वर्ग असा आहे की, ज्याच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. रात्रभर उभ्याने काम करून तो सकाळी घरी येतो. डोळे चुरचुरत असतात, अंग जड झालेले असते, अंथरूणही तयार असते. पण झोप लागत नाही. लागली तरी दोन-तीन तासांत मोडते, आणि मग संध्याकाळपर्यंत तो कूस बदलत पडून राहतो. हा वर्ग म्हणजे रातपाळीत काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांचा वर्ग होय.

या वर्गाची संख्या सामान्यतः वाटते त्याहून पुष्कळ मोठी आहे. जगातील दर पाच कामगारांपैकी सुमारे एकाला रात्रीचे काम करावे लागते, असा अंदाज आहे. बडोद्याजवळ कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. अशा कारखान्याच्या भट्ट्या संध्याकाळी विझवून सकाळी पुन्हा पेटविता येत नाहीत. त्या अहोरात्र चालू ठेवाव्या लागतात, आणि म्हणून त्यांच्याजवळ अहोरात्र माणूसही असावा लागतो. खतांचे कारखाने, वीजकेंद्रे, पाणीपुरवठ्याचे पंप, रेल्वेची इंजिने, रुग्णालयातील कक्ष आणि पोलिसांची चौकी यांची हीच गोष्ट. हैदराबादसारख्या शहरात परदेशी गिऱ्हाइकांचे व्यवहार सांभाळणारी कार्यालये तर मुद्दाम रात्री गजबजतात, कारण तिकडे तेव्हा दिवस असतो. फार कशाला, सकाळच्या चहाबरोबर दारात येऊन पडणारे वर्तमानपत्रसुद्धा कोणाच्या तरी जागरणातून छापले गेलेले असते. एकूण, ज्यांना शांत झोप मिळते त्यांची झोप पुष्कळ अंशी या जागणाऱ्या माणसांच्या पहाऱ्यावर उभी असते.

रात्री जागणे मनुष्याला नवे नाही. राखणदार, कोळी, दाई आणि गाडीवान यांनी रात्री नेहमीच जागविल्या. परंतु शेकडो माणसांनी एका भोंग्यावर रात्री कामाला जावे व दुसऱ्या भोंग्यावर परतावे, ही व्यवस्था यंत्रयुगाची आहे, आणि ती शक्य झाली विजेच्या दिव्यामुळे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी सूर्य उगवला की काम सुरू होई व मावळला की थांबे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे विजेचे दिवे आले, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगारांच्या विश्रांतीचा प्रश्न तत्पूर्वीच पुढे आला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे कामाच्या तासांवर एकामागून एक मर्यादा आल्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला १२ तास ठरविले, १९२२ साली ही मर्यादा ११ तासांवर आली, १९३४ साली १० तासांवर. आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ तास व आठवड्याला ४८ तास ही सीमा घातली.

या १९४८ च्या कायद्यात एक लहानसे कलम रातपाळीपुरते होते. ज्या कामगाराची पाळी मध्यरात्र ओलांडून जाते, त्याची आठवड्याची सुट्टी पंचांगातील तारखेप्रमाणे न मोजता त्याची पाळी संपल्या क्षणापासून पुढे सलग चोवीस तास मोजावी, असे त्यात म्हटले होते. रातपाळीच्या माणसाचा दिवस इतरांच्या दिवसाप्रमाणे सुरू होत नाही, ही गोष्ट कायद्याने अशा रीतीने मान्य केली. कायद्याला जे साधले ते शरीराला मात्र साधत नाही. कागदावरचा दिवस हवा तेथून सुरू करता येतो. रक्तामांसाचा दिवस तसा करता येत नाही. रातपाळीच्या साऱ्या दुःखाचे मूळ येथे आहे.

हे मूळ शोधण्याचा प्रारंभ एका झाडापासून झाला. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवले. लाजाळूची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु सूर्यप्रकाश मुळीच न मिळताही ती ठरल्या वेळी उघडतात व ठरल्या वेळी मिटतात, असे त्याला आढळले. म्हणजे दिवस आणि रात्र यांची मोजणी रोपाच्या आतच कोठे तरी चालू होती. मनुष्याच्या बाबतीत असाच एक प्रयोग १९३८ साली झाला. निद्राशास्त्राचे एक आद्य अभ्यासक नेथॅनिअल क्लाइटमन हे आपल्या रिचर्डसन नावाच्या तरुण सहकाऱ्याला घेऊन अमेरिकेतील केंटकी संस्थानात असलेल्या ‘मॅमथ केव्ह’ या प्रचंड गुहेत उतरले व बत्तीस दिवस तेथे राहिले. गुहेत ऊन नव्हते, कोंबडा आरवत नव्हता, हवामानही बदलत नव्हते. तेथे त्यांनी चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. रिचर्डसन यांचे शरीर त्या नव्या दिवसाला बरेचसे सरावले. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमन यांचे मात्र सरावले नाही. बाहेरच्या जगाशी काही संबंध नसताना त्यांच्या देहाचे तापमान जुन्याच चोवीस तासांच्या चालीने चढत व उतरत राहिले. पाळीचे काम एखाद्याला मानवते व त्याच्या शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या दुसऱ्याला मानवत नाही, आणि वय वाढेल तसे ते अधिक जड जाते, या नित्याच्या अनुभवाची ही जणू प्रयोगसिद्ध नोंदच होती.

हे आतले घड्याळ कोठे आहे, तेही आता ठाऊक झाले आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंचा जेथे छेद होतो त्याच्या किंचित वर, हजारो पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. देहाची उष्णता, भूक, रक्तदाब, रक्तातील विविध द्रव्यांची भरती-ओहोटी या सर्वांना ते वेळ देत असतात. पेशींच्या आत ही मोजणी कोणत्या यंत्रणेने चालते, याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या या घड्याळाचा दिवस चोवीस तासांहून काही मिनिटांनी मोठा असतो. म्हणून ते रोज थोडे मागे पडते व रोज त्याला किल्ली द्यावी लागते. ती किल्ली म्हणजे प्रकाश, विशेषतः सकाळचा प्रकाश. डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी अशा आहेत की, ज्यांचे मुख्य काम उजेड किती आहे हे त्या घड्याळाला कळविण्याचे असते.

रातपाळीच्या कामगाराची फसगत नेमकी या ठिकाणी होते. रात्री दहाला कामावर गेलेला माणूस सकाळी सहाला बाहेर पडतो. समोर कोवळे ऊन असते. सायकलवर वा दुचाकीवर बसून तो त्या उन्हातूनच घरी जातो, आणि डोळ्यांच्या वाटे घड्याळाला निरोप मिळतो की, दिवस उजाडला, आता जागे व्हा. झोप ही दोन गोष्टींच्या मेळातून येते. एक, जितके जास्त जागावे तितकी वाढत जाणारी झोपेची ओढ. आणि दुसरी, घड्याळाने दिलेली वेळ. दिवसपाळीच्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही रात्री एकत्र येतात. रातपाळीच्या माणसाला सकाळी ओढ तर प्रचंड असते, पण घड्याळ विरुद्ध दिशेने खेचत असते. ओढीच्या बळावर त्याला झोप लागते. दोन-तीन तासांत ती ओढ ओसरू लागली की, घड्याळ वरचढ होते आणि डोळा उघडतो. शीण पुरता गेलेला नसतो, पण झोपही उरलेली नसते. अशी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सामान्यतः एक ते चार तासांनी कमी भरते.

‘काही दिवसांनी सवय होईल,’ असे नव्या कामगाराला जुने लोक सांगतात. सवय होते ती जागे राहण्याची, पोट दाबण्याची व कुरकुर न करण्याची. घड्याळाची सवय क्वचितच होते. जे कायमच रातपाळी करतात, त्यांच्यावरील अनेक अभ्यासांचा एकत्र विचार २००८ साली करण्यात आला. घड्याळ पूर्णपणे उलटे झालेली माणसे त्यांत शंभरांत तीनसुद्धा भरली नाहीत, आणि बऱ्यापैकी जुळवून घेतलेली माणसे चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी होती. कारण उघड आहे. सुट्टीच्या दिवशी हा माणूस पुन्हा घरच्यांच्या वेळापत्रकात येतो, आणि सहा दिवसांत जे काही फिरले असेल ते एका दिवसात जागच्या जागी येते.

अपुऱ्या झोपेचा हिशेब दोन ठिकाणी चुकवावा लागतो. एक कामावर आणि दुसरा देहात. पहाटे तीन ते पाच हा काळ सर्वांत अवघड. त्या वेळी देहाची उष्णता सर्वांत खाली गेलेली असते, पापण्या मिटू लागतात, आणि माणूस उघड्या डोळ्यांनीही क्षणभर झोपून जातो. डॉसन व रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखविले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व लक्ष जितके मंदावते, ते रक्तात दर शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके असते. भारतात वाहन चालविणाऱ्याच्या रक्तात कायदा तीस मिलिग्रॅमपर्यंतच खपवून घेतो. सकाळी दहाला उठून दिवसभर घरची कामे करून रात्री पाळीवर गेलेला माणूस पहाटे तीनला या अवस्थेला पोहोचलेला असतो. त्याने मद्याचा थेंबही घेतलेला नसतो. त्याला कोणी अडवीत नाही, आणि तीन तासांनी तो वाहन घेऊन रस्त्यावर येतो. रातपाळीचा सर्वांत धोक्याचा भाग पुष्कळदा कारखान्याच्या फाटकाबाहेर असतो, तो यामुळे.

देहावरचा परिणाम हळूहळू दिसतो. मध्यरात्री जेवलेले अन्न पचविण्यास पोट तयार नसते. म्हणून आम्लपित्त व पोटाच्या तक्रारी या वर्गात फार. वर्षानुवर्षे पाळ्या करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने घड्याळ बिघडविणाऱ्या पाळीकामाची गणना २००७ साली ‘बहुधा कर्करोगास कारण’ या गटात केली आणि २०१९ साली पुन्हा विचार करून तेच मत कायम ठेवले. याचा अर्थ रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होतो, असा मुळीच नाही. परंतु रातपाळी म्हणजे निव्वळ थोडी गैरसोय आहे, असे मात्र यापुढे म्हणता येणार नाही.

आता घराकडे वळले पाहिजे, कारण ही झोप लागते किंवा मोडते ती घरातच. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सकाळी सातला एक माणूस निजायला जातो, त्याच वेळी बाकीचे घर जागे होते. मुलांची शाळेची धांदल, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाक, दाराची घंटा, मोबाइलवर येणारे फोन, शेजारच्या घरचे पाहुणे. पत्नी मुलांना दटावते, भांडी हळू ठेवते, पण दुपारी मुले शाळेतून आली की, तिचाही इलाज चालत नाही. तिचे स्वतःचे हसणे-बोलणे, गाणे ऐकणे, मैत्रिणीला घरी बोलावणे हे सगळे त्या बंद दारापाशी अडते. घरातील तेढीला पुष्कळदा येथूनच सुरुवात होते. अमुक एक माणूस चिडखोर आहे, मुलांवर ओरडतो, कोणाच्या लग्नामुंजीला येत नाही, असा बोलबाला नातलगांत होतो. तो दहा वर्षे पुरेसा झोपलेला नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

रातपाळी करणाऱ्या स्त्रीची अवस्था याहून कठीण. रुग्णालयातील परिचारिका सकाळी घरी येते तेव्हा तिच्यासाठी कोणी भांडी हळू ठेवीत नाही. कारण भांडी तीच ठेवणारी असते. मुलांचे डबे, सासूसासऱ्यांचे चहापाणी, धुणे हे आटोपून ती अकराला आडवी होते आणि तीनला मुले येतात. तिच्या चार तासांच्या झोपेला ‘दुपारची वामकुक्षी’ असे नाव मिळते. पुरुष दिवसा झोपला तर तो थकलेला असतो आणि स्त्री झोपली तर ती आळशी असते, ही समजूत जोवर घराघरांतून जात नाही, तोवर कोणतेही औषध तिच्या उपयोगी पडावयाचे नाही.

दिवसा झोपणे आपल्याकडे दोषास्पद मानले गेले, हे खरे. तथापि ज्या आयुर्वेदाचा त्यासाठी आधार दिला जातो, त्याने या बाबतीत अपवाद स्पष्ट सांगितले आहेत. चरकाने आहाराबरोबर निद्रेलाही देहाच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले, आणि दिवसा झोपण्यास ज्यांना मोकळीक आहे त्यांत रात्री जागलेल्यांची गणना केली. वाग्भटाने तर सवयीबाहेर जागरण घडल्यास जितका वेळ जागावे लागले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, आणि तीही जेवणापूर्वी, झोप घ्यावी असे सांगितले. पोट जड करण्याआधी आणि दिवस चढण्याआधी झोपावे, हा त्यातील व्यवहार आजही उपयोगी पडतो.

मग करावे काय? कामगाराच्या स्वतःच्या हाती काही गोष्टी आहेत. पहिली पाळी असेल त्या दिवशी दुपारी तास-दीड तास झोपून मग कामावर जावे. म्हणजे पहाटेची ओढ सौम्य होते. चहा किंवा कॉफी पाळीच्या पूर्वार्धात घ्यावी. तिचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्माअधिक उरतो. म्हणून पहाटे पाचचा कडक चहा सकाळी नवाची झोप मोडतो. मध्यरात्रीचे खाणे हलके असावे. परतताना डोळ्यांवर काळा चष्मा असावा; मात्र पापण्या मिटत असतील तर वाहन हाती घेऊच नये, सहकाऱ्याबरोबर किंवा बसने यावे. घरी आल्यावर बाजारहाट वा दूरदर्शन यांत वेळ न दवडता लगेच निजावे. खिडकीला जाड पडदा, आणि तो नसेल तर जुनी गोधडी लावावी. डोळ्यांवर कापडी पट्टी बांधावी, कानांत बोळे घालावेत. सलग सहा तास साधत नसतील तर सकाळी चार व संध्याकाळी दोन असे भाग करावेत.

झोपेसाठी मद्याचा आश्रय घेणारे पुष्कळ आहेत. मद्याने डोळा लवकर लागतो, पण झोप उथळ होते व लवकर मोडते. शेवटी झोपही जाते आणि मद्यही सुटत नाही. झोपेच्या गोळ्यांचेही तेच. त्या किंवा मेलॅटोनिनसारखी द्रव्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. महिन्यांमागून महिने झोप लागत नसेल, किंवा कामावर ती आवरत नसेल, तर ती वैद्यकशास्त्राने नोंदलेली व्याधी आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत. मोठ्याने घोरणाऱ्या व झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाने तर अवश्य तपासून घ्यावे. त्याच्या दिवसाच्या पेंगेचे कारण पाळी नसून तो श्वास असू शकतो.

परंतु सारा भार कामगारावर टाकून चालणार नाही. पाळ्या कशा लावाव्यात, हे ठरविणे व्यवस्थापकांच्या हाती असते. शरीराचे घड्याळ मागे पडण्यास राजी व पुढे जाण्यास नाखूष असते. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पाळ्यांचा क्रम उलट्या क्रमापेक्षा सोसवतो. अमेरिकेतील यूटा संस्थानात एका खनिज कारखान्यात या तत्त्वावर पाळ्या नव्याने लावण्यात आल्या. कामगारांचे समाधान, प्रकृती व उत्पादन या तिन्हींत सुधारणा झाल्याची नोंद १९८२ साली प्रसिद्ध झाली. एका पाळीनंतर दुसरी लागण्यापूर्वी पुरेसे तास मोकळे सोडणे, ओळीने फार रात्री न लावणे, पहाटेच्या विसाव्यात वीस मिनिटे डोळे मिटण्याची मुभा देणे, आणि सकाळी घरी पोहोचविणाऱ्या बसची सोय करणे, यांतील एकही गोष्ट कारखान्याला परवडणार नाही इतकी महाग नाही.

इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. ग्वाल्हेरच्या व मुंबईच्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. त्या भोंग्यांवर घड्याळे लावणाऱ्या वस्त्यांत एक अलिखित शिस्त असे. शेजारच्या खोलीतला माणूस रातपाळीचा आहे हे साऱ्या चाळीला ठाऊक असे, आणि त्याच्या दाराशी खेळणाऱ्या पोरांना कोणीही हटकीत असे. भोंगे गेले, पण रातपाळी गेली नाही. ती कारखान्यांतून रुग्णालयांत व कार्यालयांत पसरली. गेली ती शेजाऱ्यांची ती जाण. आज रातपाळीचा माणूस इमारतीत कोठे राहतो, हे भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाही माहीत नसते.

निजेला धोंडा चालतो हे खरे. पण तो अंधारात असावा लागतो आणि त्याभोवती थोडी शांतता असावी लागते. ती शांतता विकत मिळत नाही. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि कारखानदारांनी मिळून ती द्यावी लागते. सकाळी दहाच्या सुमारास एखाद्या घराच्या खिडक्यांना पडदे लावलेले दिसले, तर आत कोणी तरी काल रात्री इतरांसाठी जागले आहे, एवढे ध्यानात घेऊन घंटेवरचा हात मागे घेतला, तरी त्या माणसाच्या झोपेत एका तासाची भर पडेल.